पुरता कळणारा खेळ

फुली-गोळ्याविषयी मोठ्या माणसांची एक ठरलेली तक्रार असते: हा खेळ लवकर संपतो. दोघंही नीट खेळले की प्रत्येक डाव बरोबरीत सुटतो, मग त्यात राहिलं काय? तक्रार खरी आहे, पण मला या खेळाची सगळी किंमत त्याच्या संपण्यातच दिसते. बुद्धिबळ जन्मभर खेळलं तरी कोणाला पुरतं कळत नाही, जगज्जेत्यालाही नाही. तीन फुल्यांची रांग मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शेवटच्या घरापर्यंत कळू शकते. “आता मी हरणारच नाही, आणि का हरणार नाही तेही सांगते,” असं एखादी मुलगी म्हणते तेव्हा ती अंदाज मागे टाकून सिद्धतेपाशी पोचलेली असते. शाळेच्या गणितात ही वेळ बरीच उशिरा येते. काही मुलांच्या बाबतीत ती येतच नाही.

आपले खडे किंवा फुल्या सलग एका रांगेत आणायच्या आणि समोरच्याला तसं करू द्यायचं नाही, एवढ्या एका नियमावर उभ्या असलेल्या खेळांचं कुळ मोठं आहे. त्यात फासे नसतात, झाकलेली पानं नसतात. जे काही आहे ते दोघांनाही सारखंच दिसतं. सापशिडीत हरलेलं मूल फाशाला दोष देतं आणि ते बरोबरच असतं, कारण त्या खेळात त्याने एकही निर्णय घेतलेला नसतो. रांगेच्या खेळात मात्र हरण्याचं कारण पटावर समोर पडलेलं असतं. मागे जाऊन पाहिलं तर नेमकी कुठली फुली चुकली ते बोट ठेवून दाखवता येतं. डाव मिनिटभराचा असल्याने हरण्याचं दुःखही मिनिटभराचंच असतं आणि पुढचा डाव लगेच मांडता येतो. हरायला शिकवण्यासाठी यापेक्षा सौम्य जागा मला माहीत नाही.

नऊ घरांचा पट जरा मोजून पाहू. आडव्या तीन, उभ्या तीन, तिरक्या दोन, अशा एकूण आठ रांगा होतात. मधलं घर त्यांतल्या चार रांगांत येतं, कोपऱ्यातलं प्रत्येक घर तीन रांगांत आणि कडेच्या मधलं घर दोनच रांगांत. मधलं घर सगळ्यांना का हवं असतं, याचं उत्तर या मोजणीत आहे आणि दुसरीतलं मूलही ती करू शकतं. पहिल्या फुलीपासून शेवटपर्यंत डाव किती वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतो, हे गणित्यांनी मोजलं आहे: २,५५,१६८. त्यांपैकी १,३१,१८४ वाटांनी पहिला खेळाडू जिंकतो, ७७,९०४ वाटांनी दुसरा, आणि ४६,०८० वाटा बरोबरीत संपतात. आकडा ऐकून छाती दडपते. पण वही फिरवली किंवा आरशात धरली तर अनेक डाव एकच असल्याचं लक्षात येतं. सुरुवातीला नऊ घरं मोकळी असली तरी खरोखर वेगळ्या पहिल्या खेळी तीनच आहेत: मध्य, कोपरा आणि कड. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टींतलं सारखेपण हेरून ढीगभर काम मूठभर करायचं, ही गणितातली फार मोठी युक्ती आहे. ती इथे मुलाच्या हाती आपोआप येते.

मुलं या खेळात कशी पुढे सरकतात, हे पाहण्यासारखं असतं. अगदी लहान मूल फक्त स्वतःची रांग बघतं. मग कधीतरी त्याला समोरच्याची रांग दिसू लागते आणि ते अडवायला शिकतं. माझ्या मते हा या खेळातला सर्वांत मोठा टप्पा आहे, कारण दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा विचार इथे सुरू होतो. त्यानंतर येते कात्री: एकाच खेळीत दोन रांगा अशा तयार करायच्या की समोरच्याने एक अडवली तरी दुसरी सुटते. आणि शेवटी, समोरचा कात्री करणार हे आधीच ओळखून ती मोडणं. केविन क्राउली आणि रॉबर्ट सीग्लर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये लहान मुलांच्या फुली-गोळ्यावरच एक शोधनिबंध लिहिला. मुलं एकाच डावपेचाला चिकटून बसत नाहीत, हेतू बदलला की खेळण्याची रीतही बदलतात, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. ‘जिंकायचंय’ आणि ‘हरायचं नाही’ हे दोन वेगळे खेळ आहेत, हे लहान मुलांनाही उमगतं.

या छोट्या पटावर नियम आणि अपवादही शेजारी शेजारी भेटतात. पहिल्याने कोपरा घेतला तर दुसऱ्याने मधलं घर घेतलंच पाहिजे. दुसरं कुठलंही घर घेतलं तर पहिला नीट खेळून जिंकतो. आता समजा फुलीवाल्याने एक कोपरा घेतला, गोळेवाल्याने मध्य घेतला आणि फुलीवाल्याने तिरका समोरचा कोपरा घेतला. कोपरा कडेपेक्षा बरा, हे गोळेवाल्याने पाठ केलेलं असतं, म्हणून तो उरलेल्यांपैकी एक कोपरा घेतो. तिथेच तो हरतो! त्याची तिरकी रांग अडवायला फुलीवाला शेवटच्या कोपऱ्यात जातो, आणि त्या एका खेळीने त्याच्या दोन रांगा एकदम तयार होतात. इथे वाचवते ती कडेची खेळी, एरवी सर्वांत हलकी समजली जाणारी. ती समोरच्याला ताबडतोब अडवायला भाग पाडते, आणि अडवण्यात गुंतलेल्याला कात्री करायला उसंत मिळत नाही. पाठ केलेला नियम कुठे तुटतो आणि का तुटतो, हे चौथीतल्या मुलाला चार फुल्यांत दाखवता येतं.

फुली-गोळा कळला की तो उलटा खेळावा. उलट्या खेळात ज्याची रांग होईल तो हरला. इथे पहिल्या खेळाडूला कधीच न हरण्याची एक सुंदर रीत आहे आणि तिचा पुरावाही छोटा आहे. त्याने मधलं घर घ्यावं. मग समोरचा जिथे खेळेल तिथून मध्यातून आरपार रेघ ओढली तर ती ज्या घरात पोचते, तिथे आपण खेळावं. मधल्या घरातून जाणारी रांग आपली होऊच शकत नाही, कारण तिचं एक टोक नेहमी समोरच्याचं असतं. आणि कडेची एखादी रांग आपली होण्याआधी तिच्या बरोबर समोरची रांग त्याची झालेली असणार, म्हणजे तो आधीच हरलेला. पुरावा संपला. यात एकही सूत्र नाही, पण प्रत्येक पायरी पक्की आहे. मुलांना सिद्धता शिकवायची तर त्रिकोणाच्या आधी मी हीच शिकवीन.

आणखी एक खेळ कागदाच्या नऊ चिठ्ठ्यांचा. त्यांवर १ ते ९ आकडे लिहायचे, चिठ्ठ्या उघड्या ठेवायच्या आणि दोघांनी आळीपाळीने एकेक उचलायची. ज्याच्याजवळच्या कोणत्याही तीन आकड्यांची बेरीज १५ होईल तो जिंकला. हा खेळ मुलांना बेरजेचा वाटतो आणि चांगलाच अवघड जातो. दहा-पंधरा डाव झाले की त्यांच्यासमोर हा चौरस मांडावा: वरच्या ओळीत २, ७, ६, मधल्या ओळीत ९, ५, १, खालच्या ओळीत ४, ३, ८. आडवी, उभी, तिरकी, कशीही बेरीज केली तरी १५. आणि १ ते ९ मधून १५ बेरजेची त्रिकुटं नेमकी आठच निघतात, जितक्या फुली-गोळ्याच्या रांगा. म्हणजे इतका वेळ सगळे जण फुली-गोळाच खेळत होते, फक्त पट दिसत नव्हता. अवघड प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला की सोपा होतो, हे सांगताना नोबेलविजेते हर्बर्ट सायमन यांनी याच आकड्यांच्या खेळाचा दाखला दिला होता. अशा जादूच्या चौरसांचं शास्त्र आपल्याकडे नारायण पंडिताने १३५६ साली ‘गणितकौमुदी’त ‘भद्रगणित’ या नावाने सविस्तर मांडलं. फुली-गोळ्यापासून त्या ग्रंथापर्यंतची वाट फार लांबची नाही.

हे खेळ किती जुने, असं विचारलं तर उत्तर जपून द्यावं लागतं. इजिप्तमधल्या कुर्ना इथल्या देवळाच्या छताच्या दगडांवर असे पट कोरलेले आहेत आणि त्यांवरून हा खेळ तीन हजारांहून अधिक वर्षांचा असल्याचं बऱ्याच पुस्तकांत छापलेलं आढळतं. पण त्याच दगडांवर ख्रिस्ती क्रूसही कोरलेले आहेत, त्यामुळे पट देवळाइतके जुने मानायला आधार राहत नाही. दगडावर ओरखडलेल्या रेघांचं वय सांगणं मुळातच कठीण. रोमन कवी ओविड याने तीन-तीन खडे रांगेत आणण्याच्या खेळाचा उल्लेख केला आहे, तो मात्र पक्का. स्पेनमधल्या कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ मध्ये खेळांवर जो सचित्र ग्रंथ करवून घेतला त्यातही हे खेळ आहेत. इंग्लंडमधल्या कँटरबरी, सॉल्झबरी, नॉर्विच इथल्या मोठ्या चर्चमधल्या दगडी बाकांवर बसल्या बसल्या कोणीतरी हेच पट कोरून ठेवले. आपल्याकडे हंपीच्या मंडपांच्या फरशीवर ते आहेत. दख्खनच्या लेण्यांत, गडांवर, देवळांच्या ओट्यांवरही कोरलेले खेळांचे पट सापडतात. पहाऱ्यावरचे शिपाई असतील, वाटसरू असतील, गुराखी पोरं असतील. ज्यांच्याजवळ वेळ होता आणि पैसा नव्हता, अशा माणसांची ही करमणूक होती. घानामधला आची, फिलिपिन्समधला तपातान, केनियातला शिसिमा हे सगळे याच कुळातले.

या कोरीव पटांतला सर्वांत भरीव खेळ म्हणजे नवकंकरी. एकात एक तीन चौकोन काढायचे आणि त्यांच्या बाजूंचे मध्य रेघांनी जोडायचे. कोपरे आणि बाजूंचे मध्य मिळून चोवीस ठिकाणं होतात आणि तीन-तीन ठिकाणांच्या सोळा रांगा. प्रत्येकाजवळ नऊ खडे असतात. आधी आळीपाळीने ते मांडायचे, मग रेघेवरून शेजारच्या मोकळ्या ठिकाणी सरकवायचे. तीन खडे रांगेत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. ज्याचे दोनच खडे उरतात किंवा ज्याला हलायला जागा राहत नाही तो हरला.

इथे फुली-गोळ्यात नसलेली एक गोष्ट येते: जुळलेली रांग मोडायची आणि पुढच्या खेळीत पुन्हा जुळवायची. प्रत्येक वेळी जुळवली की समोरच्याचा एक खडा जातो. त्याहून वरचा डाव असा की एक खडा दोन रांगांच्या मधोमध ठेवायचा. तो एका रांगेतून निघाला की दुसरी रांग जुळते. असा खडा एकदा बसला की समोरच्याला वाचणं अवघड. नवखा खेळाडू मांडणीच्या काळातच रांगा जुळवायची घाई करतो आणि नंतर त्याचे खडे अडकून पडतात. जाणता खेळाडू आधी मोक्याची ठिकाणं धरतो, विशेषतः मधल्या चौकोनाच्या बाजूंचे मध्य, कारण तिथून चार दिशांना वाटा फुटतात. राल्फ गॅसर या स्विस संशोधकाने १९९३ मध्ये संगणकाकडून हा खेळ पूर्ण सोडवून घेतला. दोघंही अचूक खेळले तर तो बरोबरीत सुटतो. पण तिथवर पोचायला संगणकाला अब्जावधी स्थिती तपासाव्या लागल्या; माणसासाठी हा खेळ कधीच संपत नाही. म्हणून आजी आणि नातू दोघांनाही तो सारखाच पुरतो.

दुकानात मिळणारा उभ्या चौकटीत चकत्या टाकायचा ‘कनेक्ट फोर’ १९७४ मध्ये बाजारात आला. सात उभे रकाने, सहा ओळी, चार चकत्यांच्या ६९ संभाव्य रांगा. टाकलेली चकती खाली घसरते, आणि या एका गोष्टीने सगळा विचार बदलतो. कारण प्रत्येक रकान्यात सहा, म्हणजे सम घरं आहेत. दुसऱ्याने कायम पहिल्याच्या चकतीवरच चकती टाकली तर पहिल्याला १, ३, ५ या ओळी मिळतात आणि दुसऱ्याला २, ४, ६. म्हणून पहिल्या खेळाडूने तिसऱ्या ओळीत एक जिंकणारं घर राखून ठेवलं, तर बाकीचे रकाने भरून झाल्यावर त्या घराच्या खालची चकती दुसऱ्यालाच नाइलाजाने टाकावी लागते. सम-विषम एवढ्याच ज्ञानावर हा डाव जिंकता येतो. १९८८ मध्ये जेम्स ॲलन आणि व्हिक्टर ॲलिस यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की मधल्या रकान्यातून सुरुवात करणारा खेळाडू अचूक खेळला तर नेहमी जिंकतो. पैसे खर्च करायचे नसतील तर गणिताची चौकटीची वही पुरेशी आहे. तिच्यात पाच फुल्यांची रांग करायचा खेळ खेळावा. जपानमध्ये त्याला गोमोकू म्हणतात आणि तिथे मोठी माणसं तो गांभीर्याने खेळतात.

यंत्रांनाही विचार करायला शिकवण्याची सुरुवात काही अंशी याच पटावर झाली. चार्ल्स बॅबेजने एकोणिसाव्या शतकात फुली-गोळा खेळणारं यंत्र बनवून त्याच्या प्रदर्शनातून आपल्या मोठ्या गणकयंत्रासाठी पैसा उभारायचा बेत केला होता. १९५२ मध्ये केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ए. एस. डग्लस याने हा खेळ बसवला. पण मला सर्वांत आवडतं ते डोनाल्ड मिचीचं १९६१ मधलं यंत्र. हातात संगणक नव्हता, म्हणून त्याने काडेपेट्या घेतल्या, ३०४. पटावरच्या एकेका स्थितीसाठी एक पेटी आणि तिच्यात रंगीत मणी. प्रत्येक रंग म्हणजे एक घर. पेटी हलवून जो मणी पुढे येईल ती यंत्राची खेळी. यंत्र जिंकलं तर त्या डावात वापरलेल्या पेट्यांत त्याच रंगाचे मणी वाढवायचे, हरलं तर ते मणी काढून घ्यायचे. डाव होत गेले तसं काडेपेट्यांचं ते यंत्र चांगलं खेळू लागलं. आज यंत्रांना बक्षीस-शिक्षेने शिकवण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते तिचं हे हाताने चालवता येणारं रूप आहे. आठवी-नववीच्या वर्गाला एका सत्रात ते सहज उभारता येईल.

आता थोडं सावधपणे. खेळण्यांच्या खोक्यांवर ‘बुद्धी वाढवणारा खेळ’ असं सर्रास छापतात. पालकांनी त्यावर फार विसंबू नये. इंग्लंडमध्ये १०० शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना बुद्धिबळ शिकवून वर्षभराने त्यांचं गणित तपासलं, तेव्हा न शिकलेल्या मुलांपेक्षा त्यांची प्रगती जास्त आढळली नाही. तो अहवाल २०१६ मध्ये आला. एका खेळातली हुशारी आपोआप दुसऱ्या विषयात झिरपत नाही. वडीलधाऱ्यांबद्दल बोलायचं तर न्यूयॉर्कमध्ये ७५ पेक्षा जास्त वयाच्या ४६९ जणांचा सुमारे पाच वर्षं मागोवा घेतला गेला. पटावरचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. वाचन, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्येही ते कमी होतं. २००३ मधल्या या अभ्यासावरून खेळल्यानेच आजार टळला असं ठरत नाही. ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच खेळत राहतात, असंही असू शकतं. तरीही वृद्ध माणसासमोर कोणीतरी रोज अर्धा तास बसतं, ही गोष्ट मला औषधाइतकीच मोलाची वाटते.

म्हणून मी हे खेळ गुण वाढावेत म्हणून सुचवत नाही. त्यांच्यातून विचार करायची जी चव लागते ती त्यांच्यातच आहे, आणि ती लागण्यासाठी मोठ्यांनी दोन पथ्यं पाळायला हवीत. एक म्हणजे मुद्दाम हरू नये. मुलाला ते कळतं आणि अपमान वाटतो. या खेळांत मुद्दाम हरायची गरजही नसते, कारण काही दिवसांतच मूल तुम्हाला खरोखर बरोबरीत रोखतं. दुसरं पथ्य जास्त कठीण: उत्तर सांगायचं नाही. ‘इथे का ठेवलंस?’ एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. मध्य घे, कोपरा घे, असं सांगून टाकलं की मुलाच्या हाती एक युक्ती लागते आणि शोध मात्र हातचा जातो.

शाळांकडे माझी एक मागणी आहे. व्हरांड्याच्या फरशीवर पक्क्या रंगाने तीन पट रंगवा: नऊ घरांचा फुली-गोळ्याचा, तीन-तीन खडे सरकवायचा नऊ ठिकाणांचा आणि नवकंकरीचा. सोबत चिंचोके आणि खडे ठेवलेला एक डबा. खर्च रंगाच्या एका छोट्या डब्याचा. नियम बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा. जिंकायचं कसं, ते मात्र लिहू नका; ते मुलांना शोधू द्या.